मालूलाच्या अंगणात वन्स मोअर

मंदाकिनी पटवर्धनला राग आला की ती गप्प बसते. हा तिचा जन्मजात स्वभाव मुळीच नव्हे. हिंगणघाटला होती तोवर तिचा राग गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा. पुढे लग्न होऊन ती पुण्याला आली. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी काय करतेस म्हणून विचारलं, तर ही म्हणाली, "भाजी चिरून राहिली." दोन्ही नणंदा हसून हसून ओट्याला टेकल्या. त्या दिवसापासून तिने जिभेला लगाम घातला आणि दोन-चार वर्षांत अशी स्वच्छ पुणेरी बोलायला लागली की नणंदांनाही पुढे विनोदाला जागा उरली नाही. फक्त त्या भाषेत तिला रागावता येईना. संतापली की आतून हिंगणघाटच वर यायचं, म्हणून ती तोंडच मिटून घ्यायची.

कॅनडात येऊन तिला तीस वर्षं झाली. लव्हाल नावाच्या फ्रेंचभाषी शहरात घर. गार्दरीत, म्हणजे तिकडच्या पाळणाघरात, पंचवीस वर्षं पोरांसाठी स्वयंपाक केला. नवरा, सुधाकर, चार वर्षांपूर्वी गेला आणि मुलगा प्रणव व्हँकुव्हरला असतो. एवढं सगळं झालं, पण मराठी मंडळाच्या जेवणात मठ्ठ्याचा पेला हातात आला की कोणीतरी म्हणणारच, "मंदाताई, जरा तुमचं ते वऱ्हाडी बोलून दाखवा ना!" ती आपली एखाददुसरं वाक्य बोलून दाखवायची. मंडळी पोट धरून हसायची. त्यात हसण्यासारखं काय आहे? त्याच भाषेत ती आईकडे भाकर मागायची, त्याच भाषेत तिचे वडील शेवटचं बोलले. हे त्या हसणाऱ्यांना कोणी सांगावं? तिने कधी सांगितलं नाही, आणि मला विचाराल तर तिथेच तिचं चुकलं.

तिच्या कुंपणापलीकडे हन्ना राहतो. वय शहाऐंशी. सीरियातल्या मालूला गावचा. हे गाव डोंगराच्या कपारीला चिकटून आहे, फार जुनं ख्रिस्ती गाव, आणि तिथे घराघरात अजून आरामाईक बोलतात. येशू ख्रिस्त बोलायचा म्हणतात ती ही भाषा. हन्ना मात्र हे कोणाला सांगत नाही. मंदाकिनीला शेजारी आठ वर्षं काढल्यावर कळलं, तेही तिने सहज विचारलं म्हणून. "सांगितलं की लोक डोळे मोठे करतात आणि म्हणतात, काहीतरी बोलून दाखव," हन्ना म्हणाला. मंदाकिनीने त्याच्याकडे पाहिलं आणि त्या दिवसापासून दोघांचं जमलं. हन्ना तिच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचा, ती त्याला आमटी द्यायची. त्याच्या मांडवावर द्राक्षाचा वेल आहे. त्याची कोवळी पानं दर जूनमध्ये मिठाच्या पाण्यात घालून तो बरण्या भरतो आणि एक बरणी कुंपणावरून पलीकडे येते.

सहा वर्षांपूर्वी हन्नाची बायको वारली. मुलाची मुलं फ्रेंच बोलतात, मुलगा अरबी आणि फ्रेंच. मालूलाची भाषा बोलायला लव्हालमध्ये त्याला कोणी उरलं नाही. गावी एक धाकटी बहीण आहे, वर्दे. पण ती त्याच्याशी बोलत नाही. युद्ध गावाच्या वेशीपर्यंत आलं तेव्हा हन्नाने फोन करून सांगितलं होतं, सगळं टाक आणि इकडे ये. ती म्हणाली, आईच्या घराला कुलूप लावायचंय तर तू ये आणि लाव. हन्ना गेला नाही. घर अर्धं जळलं. लढाई हटल्यावर वर्दे परत आली, एकटीने भिंती उभ्या केल्या, आणि भावाचा फोन उचलणं तिने कायमचं बंद केलं. बोलायचं असेल त्याने दारात येऊन उभं राहावं, एवढाच तिचा निरोप. आता हन्नाला आठवड्यातून तीनदा डायलिसिस. विमानात बसायला डॉक्टर परवानगी देत नाहीत, आणि अजून किती दिवस, तेही त्यांनी आडून सांगून टाकलं आहे.

त्यामुळे यंदा ओकव्हिलच्या परीक्षितने सहल जाहीर केली आणि तिच्यात मालूलाचं नाव दिसलं, तेव्हा मंदाकिनीने त्याच संध्याकाळी नाव नोंदवलं. परीक्षित मूळचा पुण्याचा, पन्नाशीतला. सॉफ्टवेअरची नोकरी लवकर सोडून तो इथल्या मराठी लोकांसाठी हटके सहली काढतो. आठ दिवसांत अठरा ठिकाणं, सकाळी पोहे, संध्याकाळी चिवडा, प्रत्येकाला नारिंगी टोपी आणि परीक्षितच्या गळ्यात शिट्टी. त्याच्या छापील कार्यक्रमात लिहिलं होतं: "दिवस पाचवा. मालूला. येशूची भाषा ऐकणे, ४५ मिनिटं. वॉशरूम, १० मिनिटं." प्रणवने व्हँकुव्हरहून फोनवर आरडाओरडा केला. "आई, आर यू सीरियस? त्या देशात कोण जातं?" ती म्हणाली, जाऊन येते.

हन्नाने एक बरणी गुंडाळून दिली. म्हणाला, "मादाम मांदा, हे तिला द्या. आणि तिचा आवाज आणा. फोनमध्ये भरून. प्रेमाचं काही बोलणार नाही ती, मला माहीत आहे. शिव्या दिल्या तरी चालतील. सहा वर्षं झाली, माझ्या भाषेत मला कोणी रागावलेलं नाही."

मंदाकिनीने बरणी दोन स्वेटरांत गुंडाळून बॅगेत घातली.

बस मालूलाला पोचली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. डोंगराच्या अंगावर पिवळट, निळसर घरं एकावर एक रचलेली, मधून चढणारे दगडी जिने. मठाशेजारच्या एका लहान अंगणात जर्दाळूचं झाड होतं आणि झाडाखाली काळ्या कपड्यांतली एक म्हातारी बसलेली. दमास्कसहून बरोबर आलेल्या गाईडने, हसतमुख तरुण मुलगी होती ती, म्हातारीशी अरबीत काही बोलून इंग्रजीत सांगितलं की या आजी तुमच्यासाठी प्रार्थना म्हणतील. लगेच सतरा फोन वर झाले. "ताई, जरा बाजूला, फ्रेममध्ये येताय!"

म्हातारी उभी राहिली. डोळे मिटले, हात पुढे केले आणि म्हणायला लागली. आवाज बारीक, खरखरीत. शब्द घशातून खोल येत होते आणि ओळीच्या शेवटी हलकेच खाली टेकत होते. मंदाकिनीला एक अक्षर कळलं नाही, पण हन्ना वेलाला आळं करताना स्वतःशी पुटपुटतो ते हेच, एवढं तिला कळलं. प्रार्थना संपली. म्हातारीने डोळे उघडले नव्हते अजून, तोच टाळ्यांचा कडकडाट झाला. मंदाकिनीचेही हात वाजले. सवयच ती, सभागृहात बसून बसून लागलेली.

आणि मग मागून आवाज आला, "वन्स मोअर!"

परीक्षितच होता तो. नाट्यगीत रंगलं की पिटातून ओरडतात ना, तसा. मग काय, दुसरा, तिसरा. "वन्स मोअर! वन्स मोअर!" कोणाचा व्हिडिओ हलला होता, कोणाचा फोन उशिरा सुरू झाला होता. सगळ्यांना तीच प्रार्थना पुन्हा हवी होती, उजेडाकडे तोंड करून, जमल्यास जरा मोठ्याने. एकाने तर म्हातारीच्या खांद्याला धरून तिला झाडाच्या सावलीतून उन्हात ओढायला हात पुढे केला. इतकी शिकलेली माणसं! घरात देवापुढे कोणी हात जोडून उभं असलं तर यांची पोरंसुद्धा टीव्ही बारीक करतात. इथे तेवढी अक्कल कोणाला सुचली नाही.

म्हातारीने गाईडकडे पाहिलं. गाईडने कानकोंडी होऊन काहीतरी सांगितलं. मग म्हातारी बोलायला लागली, पण गाईडशी बोलायच्या अरबीत नव्हे. प्रार्थनेच्या, तिच्या स्वतःच्याच भाषेत बोलत होती. आवाज चढत गेला. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट एकेका नारिंगी टोपीवरून फिरत होतं. हे बोट मंदाकिनीला ओळखीचं होतं. हिंगणघाटची तिची आई अशीच उभी राहायची. माणूस खरा संतापला की दुसऱ्याला समजावं म्हणून बोलत नाही, स्वतःच्या भाषेत बोलतो. बाई झाडून सगळ्यांची खरडपट्टी काढत होती, आणि सगळे फोन उंच धरून ती टिपत होते. "काय आवाज आहे! अंगावर काटा आला!" मधेच एक वाक्य म्हातारीने वर घरांकडे हात करून म्हटलं. तिथे तिचा स्वर किंचित फाटला. मग पाठ फिरवून ती जिना चढून गेली. पुन्हा टाळ्या पडल्या. या वेळी मंदाकिनीचे हात वाजले नाहीत.

तिने गाईडला बाजूला घेतलं. "इथे वर्दे नावाच्या बाई कुठे राहतात?"

गाईड तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "त्या काय, आत्ता रागावून गेल्या त्या."

मंदाकिनीने बसमधून बरणी आणली आणि ती छातीशी धरून जिने चढली. गाईड मागोमाग आली; वाटेत मंदाकिनीने तिला हन्नाचं सांगितलं. वरच्या बाजूला निळ्या दाराचं घर, एक भिंत जुन्या दगडाची, बाकीच्या नव्या, गिलावा न केलेल्या. दार वाजवलं. वर्देने उघडलं, मंदाकिनीच्या डोक्याकडे पाहिलं आणि धाडकन लावून घेतलं. ती नारिंगी टोपी अजून डोक्यावरच होती! मंदाकिनीने ती काढून मुठीत चुरगाळली. पण काढून आता काय उपयोग?

गाईडने दाराला तोंड लावून सांगितलं, कॅनडाहून हन्नाने पाठवलं आहे यांना. आतून अरबीत उत्तर आलं, कोरडं, नापसंत गिऱ्हाइकाला परत पाठवतात तसं. गाईडने इंग्रजी करून सांगितलं, "ज्याला बोलायचंय त्याने स्वतः यावं."

"तो येऊ शकत नाही म्हणावं. फार आजारी आहे."

दार वीतभर उघडलं. एक सुरकुतलेला हात बाहेर आला, बरणी घेतली आणि आत गेला. मंदाकिनीच्या दुसऱ्या हातात फोन होता. बटण दाबलं असतं तर निदान ते अरबीतलं वाक्य तरी मिळालं असतं. पण खाली सतरा जण जे करून बसले होते तेच पुन्हा बंद दारासमोर करायचं? तिच्याने ते होईना. खाली परीक्षितची शिट्टी वाजली. पुन्हा वाजली. ती वाजतच राहिली.

बसमध्ये चढताना पुढच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या, "बारा मिनिटं लेट झालो हो तुमच्यामुळे." परीक्षितने माईक हातात घेतला. "पण काय एक्स्पीरियन्स होता मंडळी! आजींनी वन्स मोअरला आपल्याला एक्स्ट्रा प्रेयर दिली!"

"ती प्रार्थना नव्हती," मंदाकिनी म्हणाली. "त्या रागावल्या होत्या. तुम्ही असं करायला नको होतं."

तिच्या त्या धुतलेल्या, इस्त्री केलेल्या मराठीत ते वाक्य इतकं मिळमिळीत वाटलं की तिला स्वतःचीच कीव आली. परीक्षित हसला. "अहो मंदाताई, चिडायचंच तर वऱ्हाडीतून चिडा ना, जरा मजा येईल!" सगळी बस हसली. मंदाकिनी खिडकीकडे तोंड करून बसली आणि सहलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून बाहेर पडली. एवढंच तिला करता आलं.

लव्हालला परत आल्यावर तिने हन्नाला खरं ते सांगितलं. ऑक्टोबर सुरू झाला होता. हन्ना मांडवाखाली खुर्चीत बसला होता, पायांवर शाल. "बरणी घेतली. बोलली नाही. मला आवाज आणता आला नाही, हन्ना. माफ करा."

त्याने पायांवरची शाल नीट केली. "बारीक झालीय का?"

"अंगाने बारीक आहे. पण ताठ आहे."

मग सांगावं की नाही करत तिने अंगणातलं सगळं सांगितलं. टाळ्या सांगितल्या, स्वतःच्याही. वन्स मोअर म्हणजे काय ते समजावलं. हन्नाचा चेहरा कडक होत गेला. "ती प्रार्थना आमची आई म्हणायची," तो म्हणाला. "पाहुणा दारात आला की त्याच्या वाटेसाठी. एकदाच म्हणायची असते. पाहुण्याने गप्प उभं राहायचं आणि जायचं." मग तो एकदम पुढे वाकला. "ती रागावली म्हणालात. आपल्या भाषेत?"

"हो."

"आणि लोकांनी ते फोनमध्ये घेतलं?"

"ते तुम्हाला कसं ऐकवू? तिचा अपमान आहे तो."

"तिचा राग आहे ना? मला आणून द्या."

आता ते परीक्षितकडे मागावं लागणार होतं. मंदाकिनी घरी आली, दोनदा चहा केला, एकदाही प्याली नाही. शेवटी फोन लावला.

"अरे वा, मंदाताई! रुसवा गेला वाटतं! पाठवतो की क्लिप. शनिवारी तुमच्या मंडळात येऊन स्लाइड शो करतोय, तिथेही लावणार आहे. पण एका अटीवर हं, आधी जरा वऱ्हाडीत..."

आणि चाळीस वर्षांचा लगाम तुटला.

"काहून रे परीक्षित? मी काय तमाशा करून राहिली तुह्यासाठी? अन् थे बाई काय तमाशा करून राहिली होती? डोळे मिटून देवाले हाक मारून राहिली होती थे! तुमच्याच वाटेसाठी! अन् तुम्ही टाळ्या वाजवता? वन्स मोअर म्हणता? तुह्या मायले देवापुढून उठवून कोणी म्हटलं असतं, बाई, उजेडात ये अन् पुन्हा म्हणून दाखव, तं तुले चाललं असतं काय? थे शिव्या देऊन राहिली होती तुमाले, शिव्या! अन् तुम्ही त्याच्यावरही टाळ्या वाजवल्या! लाज कशी नाई वाटत? तिचा भाऊ इथं मरून राहिला, अन् त्याले तिचा आवाज पाह्यजे. पाठव मले थे आत्ताच्या आत्ता. अन् शनिवारी थे लावशील तं मी उभी राहून सगळ्याईले सांगीन, आयकलं?"

पलीकडे हसू आलं नाही. "पाठवतो," परीक्षित म्हणाला आणि फोन ठेवला. दोन मिनिटांत क्लिप आली. खाली ग्रुपवरचा जुना मजकूर तसाच होता: "येशूच्या भाषेतली दुर्मीळ प्रार्थना!! अंगावर काटा!!" आणि शेवटी जोडलेल्या हातांची लांबलचक रांग. किती वर्षांनी मंदाकिनी मनासारखी भांडली होती, आणि भांडायलाही कारण काय मिळालं तर हे!

हन्नाच्या स्वयंपाकघरात दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. तिने फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि बटण दाबलं. प्रार्थना सुरू झाली. हन्नाने डोळे मिटले, ओठ हलायला लागले. मग टाळ्या, मग वन्स मोअर. त्याने भुवया आवळल्या. मग वर्दे रागवायला लागली, आणि हन्ना हसला. टेबलावर थाप मारून हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"काय म्हणते?"

"म्हणते, कोंबड्यांना दाणे टाकले तरी इतका गोंगाट होत नाही. म्हणते, देवाने एकदा ऐकलं, तो बहिरा नाही, तुम्हीच बहिरे आहात." तो पुन्हा हसला. "आमची आईच बोलतेय. म्हणते, भाषा बघायला आलात, माणूस दिसला नाही का? म्हणते..."

वर घरांकडे हात करून बोललेलं ते वाक्य आलं, आणि हन्ना थांबला. क्लिप पुढे सरकली, संपली.

"म्हणते, माझा भाऊ घरी असता तर एकेकाची टोपी काढून त्याने दरीत फेकली असती."

मंदाकिनीला आधी उमजलंच नाही. मग तिने मनाशी पायऱ्या मोजल्यासारखं एकेक आठवून पाहिलं. तेव्हा बरणी बसमध्येच होती. हन्नाचं नाव तिने अजून कोणापाशी काढलंही नव्हतं. दार तर त्यानंतर वाजवलं.

"तुम्ही सांगायच्या आधी?" हन्नाने विचारलं.

"आधी."

त्याने मान हलवली. नाक पुसलं. खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि फोनकडे बोट दाखवून हळूच म्हणाला, "आंकोर."

पंचवीस वर्षं गार्दरीत काढलेल्या बाईला या फ्रेंच शब्दाचा अर्थ कोणी सांगायला नको होता. पोरं खीर संपली की हेच म्हणायची. पुन्हा एकदा. तिने बटण दाबलं. मग परत दाबलं. ऊन टेबलावरून सरकून भिंतीवर गेलं तरी तो म्हणतच होता, आणि ती दाबतच होती. त्याला हवं होतं ते एकच वाक्य. पण प्रत्येक वेळी तिथपर्यंत पोचायला म्हाताऱ्याला आधी अठरा जणांच्या टाळ्या ऐकाव्या लागत होत्या, आणि त्यांत मंदाकिनीच्याही होत्या.